शहापूरचे घरमालक, पंच मंडळी, सराफ-कापडवाले आणि मंडळातल्या पोरांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

सगळ्यांना एकत्रच लिहितोय. एकेकाला गाठून बोलायला गेलं की जो तो शेजारच्याचं नाव सांगतो. घरमालक म्हणतात कार्पोरेशन काही करत नाही, पंच म्हणतात घरमालक इथं राहतातच कुठं, मंडळातली पोरं म्हणतात मोठ्यांना आमचं पटत नाही, आणि जे पुण्याला नाहीतर बेंगळूरला सेटल झालेत ते गणपतीला येतात, आजोबांच्या दारात उभं राहून फोटो काढतात, स्टेटसला ठेवतात आणि कुलूप लावून परत जातात. कुणाला दुखवायचं म्हणून लिहीत नाही, पण गोड बोलायचं म्हणूनही लिहीत नाही, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

विषय आपल्या बेळगावातल्या शहापूरचाच. हल्ली जो तो म्हणतो शहापूरला जुने दिवस आणायचे. कुणाला खडेबाजारात जुन्या पद्धतीचे दिवे पाहिजेत, कुणाला भिंतींवर चित्रं, कुणाला गल्लीच्या तोंडाला कमान. कमानीला माझा विरोध नाही ओ, लावा की. पण शहापूर काय कमानीमुळे मोठं झालं नव्हतं. इथं घराघरात काम होतं म्हणून ते मोठं झालं, घरातलं काम सुटत गेलं तसं ते खचत गेलं, आणि आता परत उभं करायचं असेल तर बंद पडलेल्या घरांत आधी काम आलं पाहिजे, रंगाचं नंतर बघू. एवढंच मला सांगायचंय, पण ते पटायला जरा मागं जावं लागेल.

आपल्या पोरांतल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं की शहापूर आधी बेळगावात नव्हतं. १८१८ ला किल्ला इंग्रजांकडं गेला, मग कॅम्प झाला, कलेक्टर आला, कोर्टकचेऱ्या आल्या, ते सगळं बेळगाव. आणि तिथनं दक्षिणेला जेमतेम मैल-दीड मैलावर पटवर्धनांचा अंमल, सांगली संस्थान. संस्थानही असं की सलग नाही, मिरज प्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शिरहट्टी आणि शहापूर, सहा तालुके आणि सहा दिशांना. सांगलीत बसून राज्य करणाऱ्या राजाचं एक ठाणं इंग्रजांच्या छावणीच्या अगदी कुशीत, चालत गेलं तरी अर्ध्या तासात दुसऱ्या राज्यात. चिंतामणराव हायस्कूलला ते नाव का आहे हे आता कुणी विचारत पण नाही. रंगाचं घ्या, बेळगावात धुळवडीला रंग खेळतात आणि आपण शहापूर-वडगाव-अनगोळवाले रंगपंचमीला. आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची ही संस्थानची खूण. ८ मार्च १९४८ ला सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, पण रंग अजून आपल्या तारखेलाच उडतो.

तर या दोन राज्यांच्या सांध्यावर शहापूर वाढलं. सराफ, सावकार, सुताचे व्यापारी, रंगारी, विणकर. संस्थानातली व्यापाराची मोठी पेठ म्हणून नाव होतं. छावणी जवळ, कोर्ट जवळ, गोव्याकडं आणि कोकणाकडं उतरणारे रस्ते जवळ, नंतर १८८० च्या दशकात रेल्वे पण आली. गिऱ्हाईक चारी बाजूंनी. पण नुसतं ठिकाण चांगलं म्हणून पेठ होत नाही, आतली रचना बघायला पाहिजे, आणि ती रचना म्हणजे आपली घरं.

जुन्या घराचा उभा छेद डोळ्यापुढं आणा. रस्त्याला लागून कट्टा, मग दुकानाची नाहीतर पेढीची खोली, आत सोपा म्हणजे बैठकीची खोली, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं आणि परड्यात विहीर. वर माडी. सोनाराच्या घरी सोप्याच्या कोपऱ्यात भट्टी, फुंकणी, मूस, समोरच्या खोलीत गिऱ्हाईक. विणकराच्या घरी जमिनीत खड्डा घेऊन माग बसवलेला, पाय खड्ड्यात, हातात धोटा, बाजूला म्हातारी कांड्या भरत बसलेली, शाळेतनं आलेलं पोरगं तुटलेला धागा जोडून देतंय. रंगाऱ्याला परड्यातल्या विहिरीचं पाणी लागायचं. माडीवर सुताचे गठ्ठे. सावकार सूत द्यायचा, रंगारी रंगवायचा, विणकर विणायचा, लुगडं परत सावकाराच्या पेढीवर यायचं आणि तिथनं बाजारात. सगळं चालत जाण्याच्या अंतरात, कुणाला टेम्पो लागत नव्हता. शहापुरी साडी म्हणून जी ओळखली जायची ती कुठल्या एका कारखान्यात निघत नव्हती, ती अशी अर्ध्या गल्लीतनं फिरून तयार व्हायची.

म्हणजे घर, दुकान आणि कारखाना एकाच छपराखाली. बायकांचं कामही त्यातच, म्हाताऱ्यांचंही. (आता लगेच 'काय सुंदर दिवस होते' म्हणू नका. खड्ड्यात पाय घालून दिवसभर बसणाऱ्याच्या गुडघ्यांना विचारा, सावकाराच्या वहीत अडकलेल्यांना विचारा. कांड्या भरणाऱ्या बायकांच्या कामाला तर कुणी कधी मजुरी म्हणून वेगळी मोजली नाही. मी आरती करायला बसलेलो नाही, रचना सांगतोय.)

मग हे मोडलं कसं? लोक एका वाक्यात सांगतात, 'पोरं बाहेर गेली'. पोरं उगाच जात नाहीत. काम आधी गेलं.

सोन्याचं बघा. चीनच्या युद्धानंतर, १९६३ च्या जानेवारीत, केंद्र सरकारनं सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटच्या वर शुद्धतेचे नवीन दागिने करायचेच नाहीत. आता पाटल्या, ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ १४ कॅरेटमध्ये कोण घालणार, आणि आपल्या हातानं घडवणाऱ्यांना तर मऊ सोन्याची सवय. देशभर सोनार रस्त्यावर आले, कितीतरी जणांनी जीव दिले. ती १४ कॅरेटची अट पुढं १९६६ ला सुटली पण १९६८ ला पूर्ण कायदाच झाला, परवाने, वह्या, किती सोनं ठेवायचं त्याची मर्यादा, आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. सत्तावीस वर्षं! ज्याच्याकडं भांडवल होतं तो सराफ टिकला, घरात चार हत्यारं घेऊन बसणाऱ्या सोनारानं पोराला बँकेत नाहीतर कारखान्यात चिकटवलं. त्या एका पिढीत हात तुटला. आज आपल्याकडं शोरूम चकाचक आहेत पण घडणावळ बाहेरच्या कारागिरांकडं नाहीतर मशीनवर, आणि त्यात त्या कारागिरांचा दोष नाही, आपल्याकडं करणारं उरलं नाही म्हणून ते आलेत.

मागाचं वेगळं. हातमागाला यंत्रमागानं मारलं हे खरं, पण अर्धं. यंत्रमाग पण आपल्याच भागात आले, वडगाव, खासबागेत आजही खटखट चालू असते. फरक काय झाला तर यंत्रमाग जुन्या घराला सोसत नाही. मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर मंगळुरी कौलं, त्यात जॅकार्ड (नक्षी विणायचं यंत्र) लावलेला यंत्रमाग दिवसाला दोन पाळ्या हादरत राहिला की भिंतींना भेगा पडतात. मग ज्यांना परवडलं त्यांनी बाहेर जागा घेऊन शेड टाकली आणि ज्यांना नाही परवडलं त्यांनी माग विकून टाकला. साडीही बदलली, सुती-रेशमी जाऊन बहुतेक पॉलिस्टर, सूत सुरतेकडनं, आणि दर ठरवणार व्यापारी. विणकर आपल्याच घरात नगावर मजुरी करणारा कामगार झाला.

आणि मधे १ नोव्हेंबर १९५६, बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं तो दिवस. त्या तारखेबद्दल आपल्याकडं एवढं बोलून झालंय, मोर्चे, काळा दिन, महाजन आयोग, २००४ पासून सुप्रीम कोर्टातला दावा, ते मी इथं परत काढत नाही. पण व्यापाराच्या अंगानं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपलं गिऱ्हाईक कुठलं? चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूर, सावंतवाडी. एका रात्रीत हे सगळे परराज्यातले झाले. मग दोन राज्यांचा विक्रीकर वेगळा, माल नेताना चेकपोस्ट, कागद, पावत्या. बायका साडीची पिशवी घेऊन बसनं जायच्या त्यांना कोण अडवतंय, पण होलसेलवाल्याला अडचण झाली. ते नाके उठले २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर, आणि तोपर्यंत मोठा व्यापार इचलकरंजी, सुरत, बेंगळूरकडं सरकून गेला होता. त्यात जीएसटीचं स्वतःचं डोकेदुखीचं प्रकरण, आधी नोटाबंदी, २०१९ च्या ऑगस्टचा पाऊस ज्यात मागांच्या खड्ड्यांत पाणी शिरलं, आणि २०२० चा लॉकडाऊन. चार वर्षांत चार दणके. त्यातनं जे माग भंगारात गेले ते गेलेच.

आता घरांकडं येतो, आणि इथं मला जरा कडक बोलायचंय.

टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर वाढत गेलं तसे आपले लोक तिकडं गेले. चूक नाही. मोकळी हवा, गाडी दारात, पोरांच्या शाळा जवळ. पण जाताना जुन्या घराचं काय करायचं हे ठरवलं नाही. उतारा अजून पणजोबांच्या नावावर. खाली वारस किती तर मोजायला बसावं लागतं, एक मुंबईला, एक दुबईला, दोन बहिणी निपाणीला, एक काका कुणाशी बोलत नाहीत. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या, भाड्यानं द्यायचं तर 'भाडेकरू बसला की उठत नाही' ही भीती, दुरुस्ती करायची तर 'मी एकट्यानंच का खर्च करू'. म्हणून कुलूप. आणि आपल्याला वाटतं कुलूप लावलं म्हणजे घर जसंच्या तसं राहिलं.

राहत नाही ओ. आपल्याकडचा पाऊस काय साधा आहे? जूनपासनं सप्टेंबरपर्यंत झोडपतो. घरात माणूस असलं की एक कौल सरकलं तर रात्री थेंब पडतो, सकाळी कुणीतरी शिडी लावून सारखं करतं. बंद घरात तोच थेंब चार महिने एकाच जागी पडतो. आधी वासा कुजतो, मग पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं, मातीची भिंत वरनं पाणी प्यायला लागली की पोटातनं फुगते, आणि एका श्रावणात खाली बसते. वरनं आपण हुशार, चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट थापतो. मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतली ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही, वरनं गुळगुळीत दिसते आणि आतनं सडते. चुना लावणारे गवंडी अजून आहेत, शोधावे लागतात, पण आहेत. शंभर-सव्वाशे वर्षं उभी राहिलेली घरं गेल्या पंधरा-वीस वर्षांत का पडतायत याचं कारण पाऊस वाढला एवढंच नाही, शिडी लावणारं माणूस नाही.

म्हणून घरमालकांना माझी पहिली विनंती, घर विकू नका असं नाही, विका नाहीतर ठेवा, पण बंद ठेवू नका. कागद नीट करा. वारसांच्या नोंदी लावून घ्या, सीटीएसचा (सिटी सर्व्हेचा) उतारा काढा, ई-खाता म्हणजे कार्पोरेशनकडची मालकीची ऑनलाइन नोंद करून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, हेलपाटे आहेत, एजंट लोकांचा सुळसुळाट आहे, सगळं मान्य. पण कागद नसला तर बँक कर्ज देत नाही, भाडेकरार रजिस्टर करायला कुणी धजत नाही, उद्या एखादी योजना आली तरी तुमचं नाव यादीत येत नाही. आणि भाडेकरूची भीती असेल तर राहायला देऊच नका, कामाला द्या. अकरा महिन्यांचा लिखित करार करून सोपा आणि पुढची खोली द्या, माडी आपल्या सामानासाठी ठेवा. शिवणकामवाल्या बायका आहेत, ब्लाउजचं आरीवर्क करणाऱ्या मुली आहेत, जुने दागिने गाठून-पटवून देणारे आहेत, साडीला गोंडे लावणाऱ्या आहेत. या लोकांना आत्ता जागा मिळत नाही, वाढीव भाडं देऊन कुठंतरी दुसऱ्या मजल्यावर कोंदट खोलीत बसतात. तुमच्या सोप्यात उजेड आहे, कट्टा आहे, आणि गिऱ्हाईक दारावरनं जातंय.

कारण गिऱ्हाईक परत यायला लागलंय, हे तुम्हाला दिसतंय की नाही? लग्नसराईत खडेबाजारात उभं राहून गाड्यांच्या नंबरप्लेट बघा, जीए, एमएच शून्य-नऊ, एमएच शून्य-सात. गोव्याच्या बायका बस्त्यासाठी अजून बेळगावलाच येतात. दुकानातली पोरं मोबाईल स्टँडला लावून लाइव्ह करतात, साडी उलगडून दाखवतात आणि संध्याकाळी कुरिअरला गठ्ठा जातो. खणाचं तर आपण बघितलंच, गुळेदगुड्डचा खण, जो चोळीपुरता उरला होता तो साडी झाला, कुर्ता झाला, आकाशकंदील झाला. त्यात बराच माल हातमागाचा नाही, यंत्रमागाचा आहे, आणि हातमाग म्हणून खपवतात तेही कळतं आपल्याला, पण मागणी आहे हे तर सिद्ध झालं. इकडं सौंदत्ती-गजेंद्रगड भागातली पट्टेद अंचू साडी जवळजवळ संपली होती, जुना नमुना शोधून काढून विणकरांना परत मागावर बसवलं, आज ती शहरातल्या बायका मागवून घेतात. शहापुरी साडीचं असं का होऊ नये? आपल्याच घरांतल्या ट्रंकांत आजीची लुगडी असतील. सराफ आणि कापडवाल्यांना म्हणून सांगतोय, तुमच्याकडं पैसा आहे, गिऱ्हाईक आहे, ओळखी आहेत. जुने नमुने गोळा करा, फोटो काढा, काठ कसा, पदर कसा, पोत कसा लिहून ठेवा, आणि अजून ज्यांचे हात चालतात अशा विणकरांना दोन-चार माग लावून द्या. हे करताना दर विणकराला परवडेल असा ठेवा, नाहीतर पोरगं बापाला बघून परत डिलिव्हरीच्या कामावर जाणार आणि त्याला कोण नावं ठेवणार.

दागिन्यांतही तेच. पोरींना आता परत पारंपरिक पाहिजे, वज्रटीक, तन्मणी, पोहेहार. हॉलमार्कच्या नियमामुळं छोट्या कारागिराला त्रास होतो हे खरं, पण त्याला सराफानं आपल्या रजिस्ट्रेशनखाली धरलं तर तो घरात बसून काम करू शकतो. घडणावळीचं काम डोळ्यासमोर चाललेलं गिऱ्हाईकाला दिसलं तर ते दोन पैसे जास्त देतं, हे मी माझ्या धंद्यातही बघतो.

आता रस्ता आणि बिल्डिंग. नगरसेवकांपैकी कुणी वाचत असेल तर त्यांनीही वाचावं, अठ्ठावन्न वॉर्डांतले निदान आपल्या भागातले तरी. खडेबाजारात ट्रॅफिक होतं, मान्य. मग उपाय म्हणून काय, मास्टर प्लॅन. दोन्ही बाजूंनी खुणा करायच्या आणि पुढचा भाग पाडायचा. पण वर सांगितलेला घराचा छेद आठवा, पुढचा भाग म्हणजे नेमका कट्टा आणि दुकान, पोट भरणारा भाग. मागं उरतं ते न्हाणी आणि परडं. मालक म्हणतो आता एवढंच राहिलंय तर सगळंच पाडतो, बिल्डर येतो, खाली पार्किंग, वर चार मजले, आणि रस्त्याकडं तोंड असलेल्या दहा दुकानांच्या जागी एक शटर. रस्ता रुंद झाला की तिथं गाड्या लागतात, म्हणजे चालायला होती तेवढी पण जागा गेली. त्यापेक्षा पेठेच्या तोंडाला पार्किंग करा, सणासुदीला आत गाड्या बंद ठेवा, माल उतरवायची वेळ पहाटेची ठरवा. बायकांसाठी स्वच्छ संडास बांधा, बस्त्याला आलेल्या बायका चार-पाच तास बाजारात असतात आणि त्यांना जायला जागा नसते, याची मला दरवेळी लाज वाटते. गटारी झाका, वायरी जमिनीखालनं न्या. आणि ज्याचं जुनं घर राखायचंय त्याला काहीतरी मोबदला द्या. कर्नाटकच्या १९६१ च्या नगर नियोजन कायद्यात टीडीआरची, म्हणजे आपल्या जागेवरचा बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकता येण्याची सोय आहे. अहमदाबादेत जुन्या पोळांतल्या (तिकडच्या गल्ल्यांतल्या) हेरिटेज घरांच्या मालकांना असा टीडीआर विकता येतो, त्या पैशातनं दुरुस्ती होते. आपल्याला घरपट्टीत सूट मिळाली तरी सुरुवात म्हणून चालेल.

स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत, २०१६ ला, आपलं शहर होतं. रस्ते झाले, दिवे लागले, बागा झाल्या, काही बरं काही वाईट, तो हिशोब वेगळा. पण असल्या योजनेतनं पेठ जगत नाही, योजना रस्त्यापर्यंतच येते. उंबऱ्याच्या आतलं काम आपलं.

काँग्रेस विहिरीचं उदाहरण देतो. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीच्या बाजूला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथं. तेव्हा पाण्यासाठी विहीर खणली. पुढं ती पडून राहिली, कचरा-गाळ झाला. १९९० च्या दशकात पाण्याची टंचाई झाली तेव्हा जाणकारांनी मागं लागून ती साफ करून घेतली, पाणी वापरात आलं. तिच्यावर आधी कुणी पुतळा बसवून, जाळी मारून 'ऐतिहासिक' अशी पाटी लावली असती तर ती अजून कोरडी भाषणं ऐकत राहिली असती. उलटं उदाहरण म्हैसूरचं, लॅन्सडाऊन बिल्डिंगचा भाग २०१२ मध्ये कोसळला, माणसं गेली, आणि मग वर्षानुवर्षं पाडायची की राखायची यावर वाद.

आणि पणजीचं फोंतेन्हास, ती जुनी पोर्तुगीज धाटणीची वस्ती. आपल्यापैकी सगळे जाऊन आलेत, पिवळ्या-निळ्या भिंतींपुढं फोटो पण काढलेत. छानच आहे, घरं राखली, गॅलरी निघाल्या, राहायला खोल्या निघाल्या. पण आता तिथल्या लोकांची तक्रार काय, तर दारात सारखे फोटोवाले उभे, घरातनं बाहेर पडता येत नाही. जे भिंतींवर चित्रं काढून टुरिस्ट आणू म्हणतात त्यांनी एकदा तिथल्या एखाद्या आजीशी बोलून यावं. सोप्यात माग चालू असला तर टुरिस्ट आला तरी साडी घेऊन जाईल. माग नसेल तर नुसता फोटो घेऊन जाईल.

पंच मंडळींना एक गोष्ट. तुमचा शब्द गल्लीत अजून चालतो. भावाभावांचे वाद तुमच्या समोर मिटतात. तर वारसांची भांडणं ज्या घरांवरनं अडलीत ती एकेक करून समोर घ्या. कोर्टात वीस वर्षं जाणार त्यापेक्षा देवळात बसून दोन-चार बैठकांत हिस्सा ठरू शकतो, पुढं वकिलाकडून कागद करून घेता येतो. बहिणींना बोलवा मात्र, त्यांच्या सह्या नंतर 'घेऊ की' म्हणून ठेवायची जी सवय आहे त्यामुळंच निम्मी प्रकरणं अडतात. कायद्यानं त्यांचा हिस्सा आहे, तो देऊन टाका.

मंडळातल्या पोरांनो, तुमच्यावर मी डीजेवरनं चिडणार नाही, ते तुमचे आईबाप करतातच. तुम्ही शिवजयंतीचा चित्ररथ करता, महिना-महिना रात्री जागून थर्माकोल आणि प्लायवूडमधनं गड उभे करता, वेल्डिंग येतं, लाइटिंग येतं, वर्गणी गोळा करता येते. असली माणसं सरकारला पैसे देऊन मिळत नाहीत. मेमध्ये, पावसाळा सुरू व्हायच्या आत, गल्लीतल्या बंद घरांवर चढून कौलं सारखी करून द्या, मालकाची परवानगी आणि खर्च घेऊन. पन्हाळी साफ करा. म्हाताऱ्या माणसांकडं बसून कुठल्या घरात काय काम चालायचं ते मोबाईलवर रेकॉर्ड करा, नकाशावर खुणा करा. आमचे एक काका होते, त्यांना प्रत्येक घरातला माग कुणी बसवला होता ते तोंडपाठ होतं, ते गेले आणि ती यादी पण गेली.

भाषेचं एक बोलतो, कारण हे पत्र वाचून कुणीतरी काढणारच. आपल्या भागातला विणकर घरात कन्नड बोलतो, बाजारात मराठी, सुताच्या व्यापाऱ्याशी हिंदी. सराफी पेठेतही तसंच. बोर्डावर कुठली अक्षरं किती मोठी यावरनं आपल्याकडं काचा फुटतात, आणि मी मराठी माणूस आहे, मराठी शाळा, मराठी पाट्या, मराठी कागदपत्रं पाहिजेत हे मी कुणालाही भिऊन सोडणार नाही. पण भिंत पडताना आत कोण कुठल्या भाषेत झोपलंय ते बघत नाही. या कामात कन्नड शेजाऱ्यांना घेतलं नाही तर शहापूरचा निम्मा माग बाहेर राहतो. तेव्हा या पत्राची कन्नड प्रत पण करतोय, एका मित्राने भाषांतर करून द्यायचं कबूल केलंय, ती वडगाव-खासबागेकडं वाटू.

बाहेरगावी असलेल्यांना शेवटी. पैसे पाठवा असं मी म्हणत नाही. गणपतीला येणारच आहात तर येताना आधार, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, लाइट बिल, जे सापडेल ते घेऊन या, आणि दोन दिवस जास्तीची सुट्टी टाका. अनंत चतुर्दशीच्या आधीच्या आठवड्यात ज्या गल्लीतनं लोक तयार होतील तिथं पंचांसमोर बसू, घर कुणाचं, कागद कुठं अडलाय, कुठली खोली कामाला देता येईल, एवढंच लिहून काढू. एका गल्लीतनं पाच घरं उघडली तरी मला पुरे. ज्यांना यायला जमत नाही त्यांनी निदान शेजाऱ्याकडं चावी ठेवून जा, पावसात कौल बघायला आत जाता येत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवा,

शहापूरमध्येच राहणारा आणि साड्यांच्या धंद्यात असलेला एक गल्लीकर